मुलांच्या नाकातला पॉलिप: नाक धुण्याच्या बाटल्या, स्टिरॉइडचे फवारे आणि दुर्बिणीच्या तपासणीचं परीक्षण

मुलाच्या नाकात पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराचा सुजून वाढलेला मऊ गोळा, आहे असं कळलं, की आईवडिलांसमोर औषधाच्या दुकानात बऱ्याच वस्तू मांडल्या जातात. दाबायची बाटली आणि मिठाच्या पुड्या, सलाईनचा छोटा स्प्रे, स्टिरॉइडचे तीन-चार तऱ्हेचे फवारे, नाक मोकळं करणारे थेंब, ॲलर्जीच्या गोळ्या. या सगळ्यांबद्दलचं मत आधीच सांगून टाकतो. रोजच्या वापरासाठी दोनच गोष्टींवर भिस्त ठेवावी: झडप असलेली मऊ दाब-बाटली आणि अंगात कमीत कमी भिनणारा स्टिरॉइडचा फवारा. बाकीच्यांतलं काही थोड्या दिवसांपुरतं ठीक आहे, काही निरुपयोगी आहे आणि एखादी गोष्ट चक्क धोक्याची आहे. पण या खरेदीच्याही आधी दुर्बिणीतून नाक तपासून घ्यायला हवं. ती तपासणी झाल्याशिवाय बाकी काही घेऊ नका, कारण मुलांच्या बाबतीत पॉलिप म्हणून जे सांगितलं जातं ते पुष्कळदा पॉलिप नसतंच.

दुर्बिणीची तपासणी

दहा वर्षांखालच्या मुलांमध्ये खरा पॉलिप क्वचित सापडतो. नाक सतत चोंदलेलं, तोंड उघडं ठेवून झोपणं, घोरणं या तक्रारींमागे बहुतेक वेळा वाढलेले ॲडेनॉइड (नाकाच्या पार मागे, घशाच्या वर असलेला ग्रंथीसारखा भाग) किंवा ॲलर्जीने सुजलेलं नाक असतं. घरी बॅटरी मारून पाहिलं तर नाकपुडीच्या तोंडाशीच एक गुलाबी-लाल गोळा दिसतो आणि नाकात मांस वाढलं म्हणून सगळे घाबरतात. तो बहुधा खालचा टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या बाहेरच्या भिंतीवरचा अस्तराने झाकलेला हाडाचा उंचवटा, असतो आणि तो प्रत्येकाच्या नाकात असतो. फरक ओळखायचा कसा? टर्बिनेट बाहेरच्या भिंतीला चिकटलेला, गुलाबी, हात लावला तर दुखणारा आणि सूज उतरवणारं औषध मारल्यावर आकसणारा. पॉलिप फिकट, राखाडी, चकचकीत, सोललेल्या द्राक्षासारखा. सळईने हलकेच ढकलला तर हलतो, मुलाला फारसं जाणवत नाही, रक्त येत नाही आणि सूज उतरवणाऱ्या औषधानेही तो लहान होत नाही. हे सगळं कान-नाक-घसा तज्ज्ञाने पाहायचं आहे. घरी नाकात काहीही घालून बघू नका.

तपासणी चांगली झाली की नाही हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. मोठ्या माणसांची ४ मिमी जाडीची दुर्बीण लहान नाकात रेटली जात असेल तर ती तपासणी अर्धवट राहणार आणि मूल पुन्हा जवळ येऊ देणार नाही. मुलांसाठी २.७ मिमीची सरळ दुर्बीण किंवा त्याहून बारीक, वाकणारी दुर्बीण वापरतात. आधी नाकात सूज उतरवणारं आणि बधिर करणारं औषध वजनाच्या हिशोबाने मारून पाच-दहा मिनिटं थांबायचं असतं. ही वाट पाहणं टाळलं की दुखतं आणि काही दिसतही नाही. मूल मांडीवर बसलेलं, एक हात कपाळावर, एक हात दोन्ही हातांभोवती, एवढी धरपकड पुरते. दोन्ही नाकपुड्या पाहिल्या पाहिजेत, एका बाजूला सापडलं म्हणून दुसरी सोडायची नाही. दुर्बीण पार मागे, ॲडेनॉइडपर्यंत गेली पाहिजे.

अहवालात नुसतं ‘नेझल पॉलिप’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो अपुरा समजा आणि नम्रपणे विचारून भरून घ्या. पॉलिप एका बाजूला आहे की दोन्ही, कुठून उगवलेला दिसतो, किती खालपर्यंत आला आहे, शेंबूड पाण्यासारखा की घट्ट आणि पिवळा-तपकिरी, ॲडेनॉइड किती मोठे, मधला पडदा सरळ आहे का, या गोष्टी त्यात हव्यात. आकाराला गुण देण्याची पद्धत आहे, दर बाजूला ० ते ४. तो आकडा लिहून घेतलेला असला की तीन महिन्यांनी औषधाने फरक पडला की नाही हे अंदाजावर सोडावं लागत नाही.

सायनसचा (नाकाभोवतीच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्यांचा) साधा एक्स-रे या कामासाठी घेऊ नये, त्यातून पॉलिपचं निदान होत नाही. सीटी स्कॅनही पहिल्याच भेटीत लागत नाही. ऑपरेशन ठरत असेल, दोष एकाच बाजूला असेल, डोळ्याभोवती सूज असेल किंवा औषधांनी काहीच फरक पडला नसेल, तेव्हा तो करायचा. तो बारीक कापांचा, मुलांसाठी किरणांची मात्रा कमी केलेला आणि पॉलिपच्या नेहमीच्या कामासाठी रंगद्रव्य न टोचता करतात.

एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा?

सगळ्या निदानात हा प्रश्न सर्वात जास्त वजनाचा आहे.

एकाच बाजूला गोळा असेल तर मुलांमध्ये अँट्रोकोअनल पॉलिपचा विचार होतो. तो गालाच्या सायनसमध्ये उगवतो, त्याच्या तोंडातून बाहेर पडून नाकाच्या मागच्या दाराकडे लोंबतो. गुस्टाव्ह किलियन यांनी १९०६ साली तो गालाच्या सायनसमधूनच निघतो हे दाखवलं. मागे लोंबत असल्यामुळे श्वास सोडताना तो दाराला पडद्यासारखा बसतो, म्हणून या मुलांना श्वास घेण्यापेक्षा सोडताना जास्त अडकल्यासारखं होतं. फार वाढला तर तोंड उघडल्यावर पडजिभेच्या मागे दिसतो. याच्यावर फवारा महिनोन्‌महिने मारत बसण्यात अर्थ नाही. ऑपरेशनच करावं लागतं.

एका बाजूचं सगळंच पॉलिप नसतं. अगदी लहान बाळाच्या नाकात गोळा असेल आणि रडताना तो फुगत असेल, तर तो मेंदूच्या आवरणाचा खाली उतरलेला भाग असू शकतो. अशा बाळाचा एमआरआय झाल्याशिवाय गोळ्याचा तुकडा काढायचा नाही, ओढायचा तर मुळीच नाही. मेंदूभोवतालचं पाणी गळू लागतं आणि मेंदूज्वर होतो. किशोरवयीन मुलाचा एका बाजूने वारंवार घोळणा फुटत असेल आणि मागे लालसर गाठ असेल, तर ती अँजिओफायब्रोमाची, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली, असू शकते. तिचा तुकडा ओपीडीत काढला तर रक्त आवरणं कठीण जातं. एका नाकपुडीतून घाण वासाचा पू येत असेल तर आधी आत अडकलेली वस्तू शोधा. ती वस्तू चपटी बटण-बॅटरी असण्याची शंका असेल तर उद्याची वाट पाहू नका, काही तासांतच ती मधला पडदा जाळते. अशा वेळी नाकात सलाईनही घालायचं नाही. पातळ पदार्थाने बॅटरीची गळती आणि जळणं वाढतं.

दोन्ही बाजूंना पॉलिप दिसले तर नाकापुरतं पाहून चालत नाही. लहान मुलात दोन्ही बाजूंचे पॉलिप म्हणजे सिस्टिक फायब्रोसिसची (शरीरातले स्राव घट्ट करणाऱ्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झालीच पाहिजे, बाकी मूल कितीही ठणठणीत दिसो. ही तपासणी घामाची असते. हातावर पायलोकार्पिन लावून सौम्य विद्युतप्रवाहाने घाम आणतात, अर्धा तास तो गोळा करतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. टोचणी नाही, थोड्या मुंग्या येतात. ६० मिलिमोल प्रति लिटर किंवा जास्त आलं तर आजाराकडे बोट जातं, ३० ते ५९ हा मधला पट्टा असतो आणि तिथे जनुकांची तपासणी उपयोगी पडते. घाम कमी गोळा झाला तर अहवाल ‘नमुना अपुरा’ असा येतो. त्याचा अर्थ ‘नॉर्मल’ असा नाही, तपासणी पुन्हा करायची. जन्माच्या वेळची चाळणी चाचणी ठीक आली होती म्हणून ही टाळू नये. वजन न वाढणं, तेलकट आणि भरपूर शौच, पुन्हा पुन्हा छातीत कफ या खुणा सोबत असतील तर मग थांबूच नका.

घामाची तपासणी ठीक आली तर पुढचे दरवाजे ठोठवावे लागतात. जन्मापासून ओला खोकला आणि कानात सतत पाणी असेल तर नाकातल्या सूक्ष्म केसांचा, म्हणजे सिलियांचा, जन्मजात दोष. त्यासाठी साधारण पाच वर्षांच्या पुढे नाकातला नायट्रिक ऑक्साइड मोजता येतो. वारंवार न्यूमोनिया किंवा पू होत असेल तर प्रतिकारशक्तीच्या रक्ततपासण्या. मोठ्या मुलात घट्ट, चिकट, तपकिरी स्राव आणि एक डोळा पुढे आल्यासारखा दिसत असेल तर ॲलर्जिक फंगल सायनुसायटिस, म्हणजे बुरशीच्या ॲलर्जीने होणारा सायनसचा आजार. दम्याचा विचार सगळ्यांच्याच बाबतीत करायचा. दमा ताब्यात नसेल तर नाकही ताब्यात राहत नाही.

नाक धुण्याची बाटली

आता खरेदीची गोष्ट. सलाईनने नाक धुणं पॉलिप विरघळवत नाही, हे स्पष्ट समजून घ्या. ते घट्ट शेंबूड, खपल्या आणि ॲलर्जी करणारे कण बाहेर काढतं आणि फवाऱ्यासाठी वाट मोकळी करतं. ऑपरेशन झालं नसेल तर पाणी सायनसच्या आत फारसं शिरत नाही. सायनसचं तोंड ऑपरेशनने रुंद केल्यावर मात्र औषधासकट आत पोचतं आणि तेव्हा बाटलीची किंमत कळते.

छोटा सलाईन स्प्रे दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी बरा आहे, कारण ते मूल बाटली सहन करत नाही. पण तो नाक ओलं करतो, धूत नाही. रबरी बल्बचा दाब हातात राहत नाही आणि आतून तो कधीच पूर्ण वाळत नाही, त्याला आमची पसंती नाही. जलनेतीच्या भांड्यात पाणी वजनाने वाहतं, त्यामुळे पॉलिपने नाक भरलेलं असताना ते पलीकडे जातच नाही. शिवाय मुलाला मान बरीच वाकडी करावी लागते. विजेवर चालणारी यंत्रं मुलांसाठी गरजेपेक्षा जास्त जोरकस आणि धुवायला किचकट. चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलासाठी मऊ प्लास्टिकची दाब-बाटलीच सर्वात चांगली.

बाटली घेताना झाकणाचं टोक पाहा. ते रुंद, गोल आणि मऊ हवं, नाकपुडीच्या तोंडावर बुचासारखं टेकणारं. बारीक, लांब टोक आत घुसतं आणि पडद्याला खरचटतं. आतली नळी तळापर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर निम्मं पाणी आत राहून नुसती हवा येते. झाकणात एकतर्फी झडप असेल तर फार उत्तम. झडप नसलेली बाटली दाबून नाकाशीच सोडली की ती नाकातला शेंबूड आत ओढून घेते आणि पुढच्या वेळी तोच दुसऱ्या नाकपुडीत जातो. अशी बाटली आधीच घरात असेल तर दाब कायम ठेवून ती नाकापासून दूर न्यायची आणि मगच बोटं सैल करायची.

मुलांची बाटली बहुधा १२० मिलिलिटरची आणि मोठ्यांची २४० ची असते. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. मोठ्यांची पुडी मुलांच्या बाटलीत टाकली की पाणी दुप्पट खारट होतं, नाक चुरचुरतं आणि मूल दुसऱ्या दिवसापासून बाटली पाहिली की पळतं. मुलांची पुडी मोठ्या बाटलीत टाकली तर पाणी अळणी होतं आणि तेही तितकंच झोंबतं. नुसतं पाणी तर कधीच नको. पुडी घरी करायची असेल तर १ लिटर पाण्याला ९ ग्रॅम आयोडीन नसलेलं बारीक मीठ, हवा तर अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा. म्हणजे १२० मिलिलिटरला जेमतेम १ ग्रॅमच्या वर. वजनकाटा नसेल तर १ लिटरला चहाचा सपाट दीड चमचा धरा, पण जाड मिठाला हे माप लागू नाही. दाणा मोठा असला की चमच्यात कमी मीठ बसतं.

पाणी नळाचं थेट वापरू नका. घरगुती फिल्टरचं पाणीही न उकळता वापरू नका. खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट, दोन हजार मीटरहून उंच भागात ३ मिनिटं उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. पिऊन जे जंतू पोटात मरतात ते नाकातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा असाच जातो आणि त्याचा संसर्ग बहुतेक वेळा जीव घेतो. उकळलेलं पाणी झाकून ठेवा आणि २४ तासांत संपवा. वापरताना पाणी अंगाच्या तापमानाचं असावं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर बाटली हलवा आणि मनगटावर थेंब टाकून पाहा, कारण मधलं पाणी जास्त तापलेलं असू शकतं.

धुण्याची रीत: मूल बेसिनवर पुढे वाकतं, हनुवटी छातीच्या दिशेने, तोंड उघडं. श्वास तोंडाने. लांबवून ‘कऽऽ’ म्हणायला सांगा. त्याने मऊ टाळू वर उचलला जातो आणि पाणी घशात उतरत नाही. बाटली हलकेच, सलग दाबायची, पिचकारी मारल्यासारखी नाही. अर्धी एका नाकपुडीत, अर्धी दुसऱ्या. धुताना गिळायचं नाही, गिळताना कानाची नळी उघडते आणि पाणी तिकडे जातं. कान दुखल्याची तक्रार जवळजवळ नेहमी जोरात दाबल्याने किंवा मध्येच गिळल्याने येते. पॉलिपने एक बाजू पूर्ण बंद असेल तर पाणी त्याच नाकपुडीतून परत येईल, तेवढंही चालतं. जोर वाढवून ते पलीकडे काढायला जाऊ नका. मूल रडत असेल तर त्या वेळी थांबा. शेवटी पुढे वाकून डोकं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळूच शिंकरायचं. झोपायच्या निदान तासभर आधी हे उरकावं, नाहीतर राहिलेलं पाणी रात्री घशात उतरून खोकला येतो आणि दोष बाटलीला दिला जातो.

बाटली दर वेळी गरम पाणी आणि साबणाने धुवून, झाकण वेगळं काढून उघडी वाळवा. बंद डब्यातली ओली बाटली म्हणजे जंतूंना घर. आत चिकट थर जाणवला किंवा प्लास्टिक पिवळं पडलं तर फेकून द्या. तसं काही दिसत नसलं तरी साधारण तीन महिन्यांनी बदला. भावंडांत एक बाटली नको.

स्टिरॉइडचा फवारा

पॉलिप प्रत्यक्ष लहान करण्याचं काम हाच करतो, आणि सगळ्यात वाईट वापरली जाणारी वस्तूही हीच. अंगात किती भिनतो यावर निवड करावी. मोमेटासोन, फ्लुटिकासोन प्रोपिओनेट आणि फ्लुटिकासोन फ्युरोएट यांचा नाकातून रक्तात जाणारा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आत असतो, म्हणून मुलांसाठी हे तिघे पुढे. बुडेसोनाइड त्यांच्यापेक्षा बरंच जास्त शोषलं जातं. बीटामेथासोन आणि डेक्सामेथासोनचे थेंब तर लांबच्या वापरासाठी मुलांना नकोतच. त्यांचा परिणाम सगळ्या शरीरावर होतो.

मोमेटासोनच्या एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम औषध असतं. ॲलर्जीसाठी लहान मुलांची नेहमीची मात्रा दिवसातून एकदा दर नाकपुडीत एक फवारा, १२ वर्षांपासून दोन. फ्लुटिकासोन प्रोपिओनेट साधारण ४ वर्षांपासून देतात. फ्लुटिकासोन फ्युरोएटचा फवारा २७.५ मायक्रोग्रॅमचा आणि अमेरिकेत २ वर्षांपासून मान्य. पॉलिपसाठी म्हणून मोमेटासोनच्या वेष्टनावर १८ वर्षांपुढचं वय छापलेलं असतं. मुलांना पॉलिपसाठी तो देणं हा डॉक्टरचा ॲलर्जीतल्या अनुभवावर बेतलेला निर्णय असतो. म्हणून मात्रा डॉक्टरने लिहिलेलीच वापरा, फरक दिसत नाही म्हणून घरी दुप्पट करू नका.

बाटल्यांतही फरक आहे. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटच्या बऱ्याच फवाऱ्यांना फुलांसारखा वास येतो आणि काही मुलं त्यापायीच नकार देतात. फ्लुटिकासोन फ्युरोएटला वास नाही, टोक आखूड आहे आणि बटण बाजूला आहे. लहान नाकासाठी ते टोक चांगलं, मात्र बटण कडक असल्यामुळे फवारा मोठ्याने मारावा. नवीन बाटली हलवून हवेत काही वेळा मारायची, बारीक धुकं येईपर्यंत. मोमेटासोन आठवडाभर पडून राहिला तर पुन्हा दोनदा हवेत मारून मग वापरायचा. हे न केल्यास पहिल्या एक-दोन दिवसांची मात्रा अर्धवट जाते.

मारण्याची पद्धत अशी: आधी नाक धुवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग फवारा. डोकं किंचित पुढे झुकलेलं, मागे टाकलेलं नाही. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा. हात असा उलटा घेतला की टोक आपोआप बाहेरच्या भिंतीकडे, त्याच बाजूच्या कानाच्या रोखाने वळतं. आपण मुलाच्या समोर उभे राहून मारतो तेव्हा नेमकं उलटं होतं: टोक मधल्या पडद्यावर येतं, तिथे रोज औषध आपटतं, खपली धरते आणि घोळणा फुटतो. म्हणून मुलाच्या मागे किंवा बाजूला उभं राहून मारा. मारताना हळू श्वास, जोरात ओढायचं नाही. घशात कडू लागलं तर औषध नाकात थांबलं नाही असं समजा. टोक पुसून ठेवा. अडकलं तर कोमट पाण्यात भिजवा, टाचणी घालू नका, छिद्र मोठं झालं की मात्राच बदलते. बाटलीवर १२० फवारे लिहिले असतील आणि रोज दोन लागत असतील तर ती ६० दिवसांची आहे. तारीख बाटलीवरच लिहा आणि त्यानंतर आत औषध हलताना जाणवलं तरी टाकून द्या, कारण शेवटच्या थेंबांत मात्रा पूर्ण येत नाही.

परिणाम दुसऱ्या दिवशी दिसत नाही. थोडा मोकळेपणा एक-दोन आठवड्यांत येतो, पॉलिपच्या आकाराबद्दल बोलायला ८ ते १२ आठवडे रोजचा वापर लागतो. घोळणा फुटला तर दोन-चार दिवस थांबून, पद्धत तपासून पुन्हा सुरू करता येतो. पडद्यावर खपल्या राहिल्याच तर डॉक्टरला दाखवा.

उंचीबद्दल आईवडील विचारतात आणि विचारायलाच हवं. फ्लुटिकासोन फ्युरोएट रोज ११० मायक्रोग्रॅम वर्षभर दिलेल्या लहान मुलांची वाढ औषध न घेणाऱ्यांपेक्षा वर्षाला सरासरी ०.२७ सेंटिमीटरने कमी भरली. हा फरक छोटा आहे, पण दम्याचा इनहेलर आणि त्वचेचं स्टिरॉइड मलम सोबत चालू असेल तर बेरीज करूनच पाहावं लागतं. दर तीन-सहा महिन्यांनी उंची एकाच भिंतीवर, पायात काही न घालता मोजून तक्त्यावर मांडा. आणखी एक गोष्ट सहज सुटते: बुरशीसाठी इट्राकोनॅझोल चालू असेल तर फ्लुटिकासोन किंवा बुडेसोनाइड यकृतात नीट मोडलं जात नाही, रक्तातली पातळी चढते आणि चेहरा गोल होणं, वजन वाढणं सुरू होतं. डॉक्टरला सगळी औषधं एका कागदावर लिहून द्या.

जे घेऊ नये, जे जपून घ्यावं

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पॉलिपवर काही करत नाहीत. भोवतालची सूज उतरते म्हणून नाक काही तास मोकळं वाटतं. पाच दिवसांच्या वर वापरले तर उतरलेली सूज दुप्पट जोराने येते आणि मूल थेंबांवाचून झोपत नाही. ही बाटली लहान मुलाच्या हाती कधीच लागू देऊ नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये इशारा दिला होता की यातलं १ ते २ मिलिलिटर पोटात गेलं तरी लहान मूल बेशुद्ध पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

ॲलर्जीच्या गोळ्या शिंका आणि खाज थांबवतात, पॉलिप लहान करत नाहीत. दमा आणि ॲलर्जीसाठी देतात त्या माँटेलुकास्टचा पॉलिपमधला फायदा तोकडा आहे, आणि त्याने मुलांच्या झोपेवर आणि मनःस्थितीवर परिणाम होऊ शकतो म्हणून २०२० पासून अमेरिकेत त्याच्या वेष्टनावर सर्वात कडक इशारा छापतात. प्रतिजैविक फक्त खरा जंतुसंसर्ग असेल तेव्हा. पॉलिप ‘जाळून’ किंवा ‘गळवून’ टाकणारे म्हणून विकले जाणारे झोंबरे थेंब कुणाच्याही सांगण्यावरून मुलाच्या नाकात घालू नका. आतलं अस्तर जळून कायमचे चिकटे पडतात. तोंडाने घ्यायचं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड पॉलिप झपाट्याने लहान करतं, पण परिणाम काही आठवडेच टिकतो. म्हणून ते मोजक्या दिवसांसाठी, बहुतेक वेळा ऑपरेशनच्या आधी, आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

ऑपरेशन आणि त्यापुढचं

तीन महिने नीट पद्धतीने धुणं आणि फवारा करूनही झोप, शाळा, वास यांवर परिणाम राहिला, किंवा पॉलिपच्या दाबाने नाकाचा वरचा भाग रुंद होऊ लागला, तर दुर्बिणीतून ऑपरेशनचा विचार होतो. सर्जनला विचारायचे प्रश्न ठरवून जा. अँट्रोकोअनल असेल तर: सायनसमधला मूळ देठ काढणार का आणि तिथपर्यंत कसे पोचणार? नाकातला लोंबता भाग नुसता तोडला तर तो परत येतो. ओठाच्या आतून गालाचं हाड उघडण्याची जुनी पद्धत मुलांमध्ये टाळतात, कारण तिथे कायमच्या दातांचे कोंब असतात. सिस्टिक फायब्रोसिस असेल तर व्हिटॅमिन के कमी असल्याने रक्त गोठायला वेळ लागू शकतो, म्हणून रक्त गोठण्याची तपासणी आधी झाली का हे विचाराच. दमा असेल तर तो ताब्यात आल्यावरच भूल. काढलेला प्रत्येक तुकडा तपासणीला गेला पाहिजे, एका बाजूचा असेल तर विशेष.

नंतर सर्जन सांगेल त्या दिवसापासून, बहुधा एक-दोन दिवसांत, धुणं पुन्हा सुरू होतं. पहिला आठवडा शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, न थांबणारं रक्त, मानेचा ताठरपणा, पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखा स्वच्छ स्राव यांपैकी काहीही दिसलं तर फोनवर वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

दोन्ही बाजूंचे पॉलिप परत येण्याची शक्यता मोठी असते, म्हणून फवारा आणि बाटली ऑपरेशननंतरही चालूच राहतात. १२ वर्षांपुढच्या ज्या मुलांचा आजार यांना दाद देत नाही त्यांच्यासाठी डुपिलुमॅब हे इंजेक्शन सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. ते दर दोन आठवड्यांनी घ्यायचं असतं. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांसाठी एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर ही एकत्रित गोळी तिथे २०२१ मध्ये ६ वर्षांपासून आणि २०२३ मध्ये २ वर्षांपासून मान्य झाली. ती मूळ दोषावरच काम करत असल्याने सायनसच्या तक्रारीही कमी होतात. तिच्यासाठी जनुकातला नेमका बदल माहीत असावा लागतो, आणि सुरू असताना यकृताच्या तपासण्या व डोळ्यांत मोतीबिंदू नाही ना याची पाहणी ठरल्या वेळी करावी लागते.